मे महिन्याची बोट : परतीच्या तारखेभोवती फिरणारा प्रवास

१/ घाटातल्या वळणांवर मळमळू लागले की मराठी माणूस ‘गाडी लागली’ असे म्हणतो. या प्रयोगाचे जुने भावंड म्हणजे ‘बोट लागणे’. आज बोटीने गावी जाणारे कुटुंब विरळा. परंतु सुमारे शंभर वर्षे मुंबईतील हजारो कोकणी कुटुंबांची उन्हाळी सुट्टी बोटीनेच सुरू होत असे. हा प्रवास आखताना जाण्याच्या तारखेपेक्षा परतण्याच्या तारखेची चिंता अधिक असे. असे का, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ प्रथम भूगोल. नकाशावर मुंबई ते वेंगुर्ले ही सरळ किनारपट्टी दिसते. प्रत्यक्षात ती बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग अशा खाड्यांनी जागोजागी कापलेली आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत. खाड्यांवर मोठे पूल होईपर्यंत दक्षिण कोकणात जमिनीवरून जाणे म्हणजे बैलगाडी, तर, पायपीट आणि पुन्हा तर. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती थेट १९९८ साली. तोपर्यंत समुद्र हाच कोकणाचा हमरस्ता होता.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हमरस्त्यावर आगबोटी नियमित धावू लागल्या. शेफर्ड कंपनीचे नाव त्या काळी घरोघरी ठाऊक होते. पुढे हा व्यवहार बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हाती एकवटला. मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. खाडीच्या मुखाशी उतरलेले प्रवासी लहान लाँचने किंवा होडीने आत शिरत. चिपळूणकर दाभोळला उतरे, राजापूरकर जैतापूरला.

४/ बोटीत असे कोण? प्रामुख्याने चाकरमानी. मुंबईच्या कापडगिरण्यांतील मजुरांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता, आणि त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गाचा बराच भाग येई. पगार मुंबईत आणि जमीन गावात, असे हे दुहेरी संसार. मे महिन्यात दोन्ही संसारांची गाठ पडे. शाळांना सुट्टी, लग्नसराई, आंबा-फणस. शिवाय पावसाआधी घर शाकारायचे, शेताची भाजणी उरकायची. वर्षातील हीच वेळ अशी, की सहकुटुंब जाणे आवश्यकही असे आणि शक्यही.

५/ आता खरी अडचण. कोकणातील बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागू शकत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, आणि किनाऱ्यावरून पडाव तिच्याकडे येत. लाटेबरोबर पडाव वर आला की त्या क्षणी पाऊल टाकायचे. क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. वळकट्या, ट्रंका, म्हातारी माणसे, कडेवरची मुले, सारे याच रीतीने उतरत. शेवटची काही पावले खलाशाच्या खांद्यावरून किंवा गुडघाभर पाण्यातून. म्हणजे संपूर्ण प्रवासातील सर्वांत नाजूक भाग अगदी शेवटी, गाव डोळ्यांसमोर दिसत असताना येई.

६/ पडावांची ही व्यवस्था समुद्र शांत असेपर्यंतच चाले. उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर वायव्येकडून वारा वाहतो आणि दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना हा वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. त्यात मे महिना सरत आला की पावसाच्या आधीच लांबवरून मोठ्या लाटा येऊ लागतात. मालवण-वेंगुर्ल्यासारख्या मोकळ्या बंदरांत मग पडाव घालणे धोक्याचे ठरे. अशा रीतीने परतीचा प्रवास जाण्याच्या प्रवासाहून अधिक खडतर होई आणि दिवसागणिक अधिकच बिघडत जाई.

७/ पावसाळा लागला की किनाऱ्यावरील लांब पल्ल्याच्या बोटी बंद होत. समुद्र पुन्हा खुला होण्याची लोकपरंपरेतील तिथी म्हणजे नारळी पौर्णिमा. मधले तीन महिने दक्षिण कोकणाचा मुंबईशी असलेला सागरी संबंध जवळजवळ तुटे. म्हणून मेअखेरच्या बोटींवर विलक्षण गर्दी लोटे. महिनाभरात टप्प्याटप्प्याने गेलेली कुटुंबे थोड्याच दिवसांत परत निघत. शिवाय आंब्याच्या पेट्या आणि वर्षभराच्या शिध्याची गाठोडी.

८/ या तारखेला शेतीचा विरोध होता. रोहिणी नक्षत्र मेच्या अखेरीस लागते, मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात. भाताच्या पेरणीचा हाच काळ. घरातील कर्त्या पुरुषाने पेरणीपर्यंत थांबावे अशी शेताची मागणी; तर गिरणीत गैरहजर माणसाच्या साच्यावर उभे राहण्यासाठी बदली कामगार दाराशी तिष्ठत असे. शेवटची बोट गाठणे याचा अर्थ काही घरांत पेरणी बायकांवर आणि वृद्धांवर सोपवणे, आणि ती सोडणे म्हणजे रोजगार पणाला लावणे. कुटुंब एकत्र गेले तरी एकत्र परत येईलच, असे नव्हते.

९/ बोट चुकलीच तर? मग घाटाची वाट. १८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आल्यावर आंबा घाट किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचे आणि तेथून आगगाडीने मुंबई, असा पर्याय होता. पण तो खर्चाचा, वेळेचा आणि भर पावसात लहान मुलांसाठी अतिशय त्रासाचा.

१०/ इतकी घाई करून तरी बोट सुरक्षित होती का? अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : पावसाळ्याआधीचा मे-जून आणि नंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर. शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छहून मुंबईकडे येताना नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राजवळ वादळात प्रवाशांसह नाहीशी झाली. गुजराती लोकगीतांत ती ‘वीजळी’ म्हणून आजही जिवंत आहे. कोकणच्या मार्गावरील ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी वादळात बुडाल्या. पावसाळा संपून समुद्र खुला झाल्यावरही धोका उरतो, हे या घटनांनी दाखवून दिले.

११/ कोकणच्या प्रवासातला सर्वांत मोठा घाव मात्र लांबच्या बोटीवर पडला नाही. मुंबई ते रेवस हा जेमतेम दीड तासाचा प्रवास. अंतर अल्प असल्याने ही वाहतूक पावसाळ्यातही चालू राही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, सणासाठी गावी निघालेल्या प्रवाशांनी भरलेली ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटली. काशाच्या खडकाजवळ तिला वादळी पावसाने आणि लाटांनी गाठले. भेदरलेले प्रवासी एका बाजूस सरकले, बोट कलंडली आणि पाहता पाहता बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. पोहून किनारा गाठणाऱ्यांकडूनच मुंबईला बातमी समजली. स्वातंत्र्य अवघ्या एका महिन्यावर आले होते.

१२/ येथे दोन्ही प्रवास शेजारी ठेवून पाहावेत. वेंगुर्ल्याला जाणारा माणूस दूर जात होता, म्हणून समुद्राला भिऊन तारीख ठरवत होता. रेवसला जाणाऱ्याला पलीकडचा किनारा जवळचा वाटत होता, म्हणून ऋतूची अट सैल झाली होती. समुद्र मात्र प्रवाशाचे अंतर मोजत नाही. ऋतू, वारा आणि बोटीवरील भार एवढेच त्याला कळते. मेअखेरची ती कटकटीची मर्यादा अनेक पिढ्यांच्या अनुभवातून आली होती, आणि ‘रामदास’ने तिची किंमत दाखवून दिली.

१३/ स्वातंत्र्यानंतर ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी मुंबई-गोवा मार्ग काही काळ गाजवला. दरम्यान खाड्यांवर पूल झाले, एस.टी. गावागावांत पोहोचली, आणि १९८०च्या दशकात ही प्रवासी सेवा थांबली. बंदरे मुकी झाली. पडाव चालवणाऱ्या खलाशांचे कसब त्यांच्याबरोबरच गेले.

१४/ गणित मात्र संपलेले नाही. सिंधुदुर्ग किल्ला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर आहे, जंजिरा राजपुरीसमोरच्या खडकावर. दोन्हीकडे होडीनेच जावे लागते, आणि मेच्या अखेरच्या आठवड्यापासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत अशी वाहतूक बंद ठेवली जाते. सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत मुलाबाळांसह आलेली अनेक कुटुंबे किल्ला समोर दिसत असूनही किनाऱ्यावरूनच माघारी फिरतात आणि ऊन असताना होडी बंद का, म्हणून चिडतात.

१५/ त्या क्षणी समुद्राकडे नीट पाहावे. आकाश निरभ्र असते, पण लाट बदललेली असते. पूर्वीचा चाकरमानी ती लाट पाहून वळकटी बांधायला घेई. किल्ला पाहायचा असेल तर एप्रिलमध्ये किंवा मेच्या पूर्वार्धात, सकाळच्या होडीने जावे, आणि परतीची वेळ आधी विचारून मगच चढावे.