दमयंतीसमोरचे कोडे : श्लेषाची वैदर्भी कथा 🧵

१/ राळेगाव तालुक्याला स्पर्श करून वाहणारी वर्धा नदी वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपुरावरून येते. परंपरा या गावाला विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर मानते. दमयंती आणि रुक्मिणी या दोघी येथीलच राजकन्या.

२/ नलाला वरण्याचा दमयंतीचा निश्चय होता. पण इंद्र, अग्नी, यम आणि वरुण हे चौघेही नलाचेच रूप घेऊन स्वयंवरात बसले. समोर पाच नल, हाती एकच वरमाला. चूक झाली तर तिला दुरुस्ती नव्हती.

३/ महाभारतातील वनपर्वात दमयंती देवांनाच शरण जाते. मग त्यांची चिन्हे प्रकट होतात : घाम नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत.

४/ बाराव्या शतकातील कवी श्रीहर्षाने ‘नैषधीयचरिता’च्या १३व्या सर्गात हा पेच शब्दांत उतरवला. सरस्वती एकेका देवाची ओळख करून देते. पण तिचे शब्द त्या देवालाही लागू पडतात आणि नलालाही. १४व्या सर्गात देव प्रसन्न झाल्यावरच दमयंतीला त्या वाणीचे मर्म उमगते.

५/ हाच श्लेष. त्याचे दोन प्रकार आहेत. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग; तोडल्यावर निघाले तर सभंग. व्याकरणाच्या पुस्तकांतील ‘नलगे’ (न लगे / नल गे) आणि ‘नवरी’ (न वरी) ही सभंगाची उदाहरणे. पहिले दमयंतीचे, दुसरे रुक्मिणीचे!

६/ आता पश्चिमेकडे वळू. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांचे शब्दकोडे छापून आले. पुढे इंग्लंडमध्ये त्याला गूढ वळण मिळाले. तेथील ‘दुहेरी व्याख्या’ या प्रकारात सूत्र म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ, शेजारी शेजारी मांडलेले. आपल्या परिभाषेत तो अभंग श्लेषच.

७/ असे सूत्र सोडवावे कसे? उदाहरण : ‘गळ्याचा आदर (२ अक्षरे)’. वाक्य सलग वाचले की आपण फसतो. म्हणून आधी सांधा शोधावा : गळा | आदर. दोन्ही बाजूंचे समानार्थी शब्द मांडावेत आणि दोन्हींत आढळणारा शब्द उचलावा : मान. लिंगभेदाने बिचकू नये; ती मान आणि तो मान, शब्द एकच. सूत्र जितके आखूड, तितका या प्रकाराचा संशय अधिक.

८/ जुने लेख आणि काव्ये वाचणाऱ्यालाही हीच सवय उपयोगी पडते. पहिला अर्थ जुळला म्हणून थांबणारा वाचक देवाच्या गळ्यात माळ घालून मोकळा होतो.

९/ आता तुमची पाळी : ‘धोत्र्याचे सोने (३ अक्षरे)’. उत्तर प्रतिसादात लिहा, सांधा दाखवून.