बडोद्याच्या फिरत्या पेट्या

सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर मुलांनी वाचायचे काय? खेड्यात पुस्तक मिळणार कुठून?

अमेरिकेतली ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. 1910 साली त्यांनी तिथूनच विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. महाराजांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला केला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. गावांनाही या योजनेत सामील करून घेतले होते. ग्रंथालयासाठी गावाने वर्गणी काढली, की सरकारी मदतीची भर पडे. ही अट फार शहाणपणाची होती, कारण त्यामुळे ग्रंथालय गावाचे स्वतःचे होई.

जिथे तेवढीही ऐपत नव्हती, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. गावाने पुस्तके वाचून पेटी परत करायची, की दुसरी येई.

मोतीभाई अमीन तर सरकारी योजनेच्या आधीपासूनच गुजरातीभाषक गावांत वाचनालये काढत होते. त्यांच्यासारख्या माणसांशिवाय नुसत्या हुकमाने हे घडले नसते. 1912 साली बडोद्याहून ग्रंथालयांना वाहिलेले नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.