कीबोर्डांची वही

कीबोर्ड जमवणं सोपं असतं हो, त्यांची नोंद ठेवणं अवघड. माझ्याकडे सध्या १९ आहेत (घरच्यांच्या मते १८ जास्त). नाणी किंवा तिकिटं जमवणाऱ्याला छापील कॅटलॉग मिळतो. इथे वही आपणच आखायची.

पहिला रकाना सालाचा. आयबीएमने १९८५ साली आणलेला 'मॉडेल एम' याबाबतीत गुणी बाळ. उलटा केला की मागच्या लेबलवर पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि बनल्याची तारीख, तीही दिवसासकट! माझ्याकडच्यावर १९९३ आहे. समोर आयबीएमची खूण, मागे मात्र लेक्समार्कचं नाव, कारण १९९१ मध्ये हा धंदा त्या नव्या कंपनीकडे गेला होता.

बाकीचे एवढं बोलत नाहीत. मग खुणा शोधायच्या. वायरीच्या टोकाला सहा पिनांचा छोटा गोल कनेक्टर असेल तर १९८७ च्या आधीचा नाही. विंडोजची कळ असेल तर १९९४ च्या आधीचा नाही. चाराच्या कळेवर ₹ दिसला तर २०१० च्या जुलैनंतरचा, कारण ते चिन्हच तेव्हा ठरलं (कळ मागाहून बदललेली नाही ना, तेवढं बघायचं). गंमत अशी की या सगळ्या खुणा 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतात. म्हणून मी वहीत '१९९४ नंतर' असंच लिहितो, अंदाजाने साल ठोकून देत नाही.

दुसरा रकाना अक्षरांच्या मांडणीचा, आणि माझा जीव याच्यातच जास्त रमतो. देवनागरी कळांचे दोन आहेत. एक इनस्क्रिप्टचा. ही मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणली. स्वर बहुतेक डाव्या हाताला, क-च-ट-त-प उजव्या हाताला, 'क'वर शिफ्ट धरलं की 'ख'. जोडाक्षरं कशी दिसायची ते संगणक बघून घेतो. बंगाली लिहितानाही 'क' त्याच कळेवर!

दुसऱ्यावर रेमिंग्टन मांडणीचे स्टिकर आहेत. ही थेट टाइपरायटरवरून आलेली. तिथे कळा मोजक्याच, त्यामुळे 'भ', 'ध' अशा अक्षरांना पूर्ण कळ मिळालीच नाही. अर्धं अक्षर मारायचं आणि पुढे काना द्यायचा. म्हणजे कान्याच्या कळेला दुप्पट काम. माझ्याकडच्या कीबोर्डवर त्या कळेचा स्टिकर पार पुसून गुळगुळीत झालाय. ज्या बाईंकडून तो मिळाला त्या तालुक्याच्या कोर्टात टंकलेखक होत्या. बोटं टाइपरायटरवर घडलेली, ती इनस्क्रिप्टवर वळेनात, म्हणून हे स्टिकर त्यांनी स्वतः चिकटवले होते. हे त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. कीबोर्ड कितीही उलटासुलटा केला तरी हे सापडलं नसतं.

तेव्हापासून वहीत तिसरा रकाना आहे: 'कोणाचा'. नवा कीबोर्ड घेताना आधी तोच भरतो, साल काय, नंतरही काढता येतं. तरी १९ पैकी ११ ठिकाणी तिथे 'जुना बाजार, पुणे' एवढंच आहे. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "साहेब, किलोवर आलाय."