खटक्याची पारख
मेकॅनिकल की-बोर्डसाठी 'क्लिकी' स्विच निवडताना

संगणकाबरोबर मिळणारा साधा की-बोर्ड आणि वेगळे पैसे मोजून घेतलेला मेकॅनिकल की-बोर्ड यांत बाहेरून फारसा फरक दिसत नाही. फरक असतो तो कळेच्या पोटात. साध्या की-बोर्डमध्ये सर्व कळांखाली रबराचे छोटे घुमट असतात. कळ दाबली की घुमट चेपतो आणि खालच्या पातळ पडद्यांवरील सर्किट जोडले जाते. मेकॅनिकल की-बोर्डमध्ये मात्र प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. प्लास्टिकची एक डबी, तिच्यात स्प्रिंग, खाली-वर सरकणारा दांडा आणि धातूच्या दोन पात्या, एवढाच त्याचा संसार. या स्विचचे ढोबळ तीन प्रकार आहेत. 'लिनियर' स्विच विनाअडथळा सरळ खाली जातो. 'टॅक्टाइल' स्विचमध्ये वाटेत एक हलकासा उंचवटा बोटाला जाणवतो. 'क्लिकी' स्विचमध्ये त्या उंचवट्याबरोबर स्पष्ट 'खट्' असा आवाज होतो. मराठीत स्विचला 'खटका' म्हणण्याची जुनी पद्धत आहे. ते नाव शोभावे असा प्रकार हा तिसराच.

ज्यांनी टंकलेखनाच्या संस्थेत यंत्रावर बोटे बसवली, त्यांना या आवाजाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. १९५५मध्ये स्वदेशी टाइपरायटर बाजारात आणणाऱ्या गोदरेजने २००९मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. त्यानंतर तो खडखडाट कचेऱ्यांतून हळूहळू नाहीसा झाला. मात्र टाइपरायटरचा आवाज आणि क्लिकी स्विचचा आवाज यांची जातकुळी वेगळी आहे. टाइपरायटरमध्ये अक्षराचा खिळा कागदावर आपटल्याचा तो आवाज असे, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा. क्लिकी स्विचमध्ये आवाज कळेच्या प्रवासाच्या मध्यावर कुठेतरी होतो, आणि अक्षर उमटायला कळ तळापर्यंत दाबण्याची गरज नसते. जोरात ठोकण्याची सवय असलेल्या हातांना हा फरक उमगायला वेळ लागतो. तो उमगला नाही, तर क्लिकी स्विचचा निम्मा फायदा वायाच जातो.

आवाज येतो कुठून?

निवड करायची तर हा प्रश्न प्रथम सोडवायला हवा, कारण बाजारातील सर्व 'क्लिकी' स्विच एकाच रीतीने वाजत नाहीत.

सर्वांत जुनी आणि अजूनही अनेकांच्या मते सर्वांत खानदानी पद्धत आयबीएमची. कंपनीचे अभियंते रिचर्ड हंटर हॅरिस यांना १९७८मध्ये तिचे पेटंट मिळाले. यात कळेखालची स्प्रिंग दाबत गेल्यावर एका क्षणी एकदम बाजूला वाकते आणि तिच्या बुडाशी असलेला छोटा हातोडा उलटतो. आवाज, बोटाला जाणवणारा झटका आणि अक्षराची नोंद, या तिन्ही गोष्टी त्या एकाच वाकण्यातून घडतात. १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलेला 'मॉडेल एफ' आणि १९८५चा 'मॉडेल एम' हे दोन्ही की-बोर्ड याच तत्त्वावरचे. अमेरिकेतील केंटकी राज्यातली युनिकॉम्प ही कंपनी मॉडेल एमची परंपरा चालवते. परंतु हा स्विच सुटा मिळत नाही. तो हवा तर आख्खा, वजनदार आणि टेबलाची बरीच जागा अडवणारा की-बोर्डच घ्यावा लागतो.

दुसरी पद्धत चेरी या कंपनीच्या 'एमएक्स ब्लू'ची. एमएक्स मालिका १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात जन्मली आणि तिनेच पुढे साऱ्या व्यवसायाचे माप ठरवले. ब्लू स्विचचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. निळ्या दांड्यावर पांढरे प्लास्टिकचे सैल जाकीट असते. कळ ठरावीक खोलीला गेली की ते जाकीट निसटून खाली आपटते आणि 'खट्' वाजते. इथे आवाज जाकिटाचा आणि विद्युतजोडणी धातूच्या पात्यांची. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी घडतात, पण त्या एकच घटना नव्हेत. शिवाय कळ वर येताना जाकीट उशिरा पूर्वस्थितीला येते. त्यामुळे एकच कळ भराभर दाबायची झाल्यास ती बरीच वर येऊ द्यावी लागते. लेखन करणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही. खेळ खेळणाऱ्याला मात्र जाचते.

तिसरी पद्धत चिनी उत्पादक कैल्ह यांनी २०१७च्या सुमारास 'बॉक्स' मालिकेत रूढ केली. तिच्यात जाकिटाऐवजी तारेची एक बारीक दांडी असते. कळ खाली जाताना ती दांडी ताणली जाऊन सुटते, आणि वर येतानाही पुन्हा वाजते. हा आवाज जाकिटाच्या किंचित खुळखुळत्या आवाजापेक्षा टोकदार आणि स्वच्छ असतो. 'बॉक्स व्हाइट' हा त्यातला हलका स्विच. 'बॉक्स जेड'मध्ये दांडी जाड असल्याने खटका ठसठशीत, तर 'बॉक्स नेव्ही'मध्ये जाड दांडीच्या जोडीला स्प्रिंगही जड. केवळ खटक्याच्या गुणवत्तेवर निवड करायची, तर आमच्या मते दांडीवाले स्विच जाकीटवाल्यांपेक्षा सरस ठरतात. ब्लू अधिक प्रसिद्ध आहे, इतकेच.

रंगांवर विसंबू नये

स्विचची नावे रंगांवरून पडली आणि तिथेच ग्राहकांचा घोटाळा होतो. चेरीचा 'ग्रीन' म्हणजे ब्लूचीच जड आवृत्ती, तर रेझर कंपनीचा 'ग्रीन' हा वजनाने चेरीच्या ब्लूच्या जवळ जाणारा. चेरीचा 'ब्राऊन' बिनआवाजाचा टॅक्टाइल स्विच आहे, आणि कैल्हचा 'स्पीड ब्राँझ' चांगला वाजणारा. तेव्हा खोक्यावरचा रंग वाचून समाधान मानू नये, आकडे पाहावेत.

त्यातले दोन आकडे महत्त्वाचे. पहिला दाबाचा. चेरी ब्लूला सुमारे ६० सेंटिन्यूटन जोर लागतो, म्हणजे अंदाजे ६० ग्रॅम वजन कळेवर ठेवल्याइतका. ग्रीनला तो ८०च्या घरात जातो. तुलनेसाठी, लिनियर 'रेड'चा आकडा ४५ आहे. दुसरा आकडा अक्षर कोणत्या खोलीला नोंदले जाते याचा. ब्लूमध्ये ४ मिलिमीटरच्या एकूण प्रवासापैकी २.२ मिलिमीटरवर नोंद होते, स्पीड ब्राँझमध्ये अवघ्या १.१ मिलिमीटरवर. उथळ नोंदणी वेगवान वाटते खरी. पण बोट कळेवर नुसते विसावले तरी अक्षर उमटू लागते. लेखनाचे काम असणाऱ्यांनी दोन मिलिमीटरच्या आसपासच राहावे.

दाबाच्या बाबतीत मराठीत लिहिणाऱ्यांनी एक जास्तीचा विचार करायला हवा. इनस्क्रिप्ट पद्धतीत क, ग, त, द, प, ब ही अक्षरे साध्या कळेवर आणि ख, घ, थ, ध, फ, भ ही त्याच कळांवर शिफ्ट दाबून येतात. जोडाक्षरासाठी हलन्ताची वेगळी कळ दाबावी लागते. म्हणजे इंग्रजी लिहिताना वाक्याच्या आरंभी वा विशेषनामापुरते शिफ्टकडे जाणारे करंगळीचे बोट मराठीत ओळीओळीला तिकडे धावते. ग्रीन किंवा नेव्हीसारख्या जड स्विचची दुकानात दोन शब्द टाइप करताना वाटणारी मौज दोन पाने लिहिल्यावर करंगळीला नकोशी होते. ५० ते ६०च्या दरम्यानचा स्विच अशा लेखनाला पुरेसा आहे.

शेजाऱ्यांचा प्रश्न

क्लिकी स्विचविषयीची सर्वांत मोठी तक्रार तो वापरणाऱ्याची नसतेच, ती शेजारी बसणाऱ्याची असते. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरा वाजता कोणी लेख पुरा करीत असेल, तर पलीकडे झोपलेल्या मुलाला प्रत्येक अक्षर ऐकू येते. मोकळ्या मांडणीच्या कार्यालयात स्थिती त्याहून नाजूक, आणि दूरस्थ बैठकीत तर मायक्रोफोन माणसाच्या आधी की-बोर्डच उचलतो.

यावर दोन उपाय सुचवले जातात. कळेच्या टोपीखाली रबरी कडी बसवणे हा एक, आणि की-बोर्डखाली जाड कापडी चटई अंथरणे हा दुसरा. दोन्ही उपयोगी आहेत, पण ते कळ तळाशी आपटल्याचा आणि टेबल घुमल्याचा आवाज कमी करतात, खटक्याचा नाही. खटका डबीच्या आत वाजतो, त्याला बाहेरून आवर घालता येत नाही. वंगण घालून पाहणाऱ्यांना आवाज मेल्याचा अनुभव येतो, पण त्याबरोबर खटक्याचा तजेलाही जातो. मग सरळ टॅक्टाइल स्विच घेतलेला काय वाईट? ज्यांची खोली स्वतंत्र नाही, त्यांनी क्लिकीच्या वाटेला जाऊ नये असेच आम्ही म्हणू.

खरेदीपूर्वी

स्विच सोल्डर केलेले आहेत की काढ-घाल करता येणारे, हे आधी विचारावे. काढ-घालीची सोय असेल तर निवड चुकली तरी नवा की-बोर्ड घ्यावा लागत नाही. मात्र काही स्विचना तीन पाय असतात, काहींना पाच. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या जागेत बसवायचा तर प्लास्टिकचे दोन पाय कापावे लागतात. प्रकाशकिरणावर चालणारे 'ऑप्टिकल' स्विच धातूच्या पात्यांच्या स्विचशी अदलाबदल करता येत नाहीत, दिसायला सारखे असले तरी. बॉक्स मालिकेच्या सुरुवातीच्या काळातील स्विचचे दांडे किंचित जाड होते आणि त्यांनी काही महागड्या टोप्यांना तडे दिले. २०१८मध्ये ही मापे सुधारली गेली, तेव्हा वापरलेला माल घेताना जपावे. कोकणपट्टीच्या दमट, धुळकट हवेत बॉक्स मालिकेची बंदिस्त पेटी उपकारक ठरते, कारण त्यात धातूचा संपर्क धूळ व पाण्याच्या शिंतोड्यांपासून झाकलेला असतो.

विक्रेते एकेक स्विच लावलेली नमुन्याची पट्टी दाखवतात. तिच्यावरून आवाजाचा अंदाज येतो, दमणुकीचा येत नाही. शक्य असल्यास मित्राच्या की-बोर्डवर पंधरा-वीस मिनिटे सलग मराठी मजकूर टाइप करून पाहावा. स्पेसबार आणि शिफ्ट या लांब कळा विशेष तपासाव्यात, कारण त्यांच्या आधाराच्या तारा सैल असतील तर चांगल्या खटक्यावर खडखडाटाचे विरजण पडते. नवा की-बोर्ड घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, प्रत्येक कळ वीस-पंचवीस वेळा दाबावी. एका दाबात दोन अक्षरे उमटत असतील तर त्या स्विचचा संपर्क सदोष समजावा आणि तो बदलून मागावा.