जुन्या मोटारसायकलचे हँडल का थरथरते?

परंडा : एकेकाळी दुधाचे कॅन वाहणारी राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेली येझदी आणि जुनी बुलेट या गाड्यांना आता शहरांतील हौशी मंडळींकडून मागणी असते. परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी गोठ्याशेजारी वर्षानुवर्षे उभी असलेली अशी एखादी गाडी नव्या मालकाकडे जाते, इंजिन सुरूही होते. पण वेग वाढताच हँडल थरथरू लागते. अशा वेळी थेट पुढचे शॉकअप बदलण्याचा खर्च केला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून तपासणी बिनखर्चाच्या कामापासून सुरू करणे योग्य ठरते.

आधी टायर, मग रिम

गाडी थंड असताना हवेचा दाब मोजावा. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतो; २३१८ म्हणजे २०१८ मधील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झाले असल्यास किंवा त्याला भेगा पडल्या असल्यास टायर बदलावा. त्यानंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी ठेवावे. फोर्कला एक काडी बांधून चाक फिरवल्यास रिम वाकडी आहे का, हे कळते. प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करावी. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो.

बेअरिंग आणि कोनसेट

चाक वर-खाली धरून हलवल्यास खेळ जाणवतो. तो चाकाच्या बेअरिंगचा की हँडलचा, हे ओळखण्यासाठी दुसऱ्याला फोर्क घट्ट धरायला सांगावे. फोर्क स्थिर असूनही चाक हलत असेल, तर दोष बेअरिंगचा. फोर्कची खालची टोके पुढे-मागे ओढल्यावर खटखट झाली, तर कोनसेट सैल आहे. हँडल हळू वळवताना ते मधोमध अडकत असेल, तर वाट्यांना खाचा पडल्या आहेत. गाडी बहुतांश वेळ सरळ धावते, त्यामुळे खड्ड्यांचे धक्के छर्‍यांना त्याच जागी बसतात. खाचा पडलेला कोनसेट आवळून दुरुस्त होत नाही. वाट्या व छर्रे एकत्रच बदलावे लागतात.

राजदूतचा पुढचा भाग वेगळा आहे. तिचे चाक मागे खिळलेल्या भुजांवर झुलते. त्या खिळीचे बुश झिजले की चाक आडवे हलते. मात्र पुढचा ब्रेक दाबल्यावर नाक किंचित वर येणे हा या रचनेचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

दोष मागेही असू शकतो

वेगात संपूर्ण गाडी डुलत असेल, तर मागच्या चिमट्याचे बुश तपासावेत. चेन आवळताना दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर असमान राहिले, की मागचे चाक तिरके बसते. दोन्ही चाकांच्या बाजूंना सरळ दोरी ताणून हे पाहता येते. मागच्या चाकाच्या पलीकडे लादलेले जड ओझेही पुढचा भाग हलका करते.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात चाचणी घ्यावी. चालताना हँडल थरथरू लागल्यास जोराने ब्रेक न दाबता थ्रॉटल हळूहळू सोडावा. दोष सापडेपर्यंत ती गाडी महामार्गावर नेऊ नये.