तणसाची काडी

आमच्या झाडीपट्टीत डिसेंबर म्हणजे धानाचा महिना. बांध्या कापून झालेल्या, पुंजणे रचलेले, खळ्यावर चुरणं सुरू. नव्या तांदळाचा भात आणि बोडीतली मच्छी खायचे हेच दिवस. पण याच दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीकडची काही घरं पंचवीस दिवस मांस-मच्छीला शिवत नाहीत. ती घरं केरळातून आलेल्या कॅथलिक माणसांची. जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण गोंडराजे सांगतो, किल्ला सांगतो, कोळसा सांगतो. ही घरं राहून जातात.

ही माणसं पोटासाठी आली. बल्लारपूरची पेपर मिल 1945 साली स्थापन झालेल्या कंपनीची. आमच्या जंगलातला बांबू तिकडं जायचा आणि दूरदूरची माणसं कामाला यायची. कोळसा खाणीत आली, दवाखान्यात केरळच्या नर्सबाई आल्या. 1962 साली रोमच्या पोपनं चांदा मिशन केरळच्या सीरो-मलबार मंडळींकडं सोपवलं. केरळाबाहेर त्यांना मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. बल्लारपूर हे त्याचं ठाणं. 1977 मध्ये तिथं रीतसर धर्मप्रांत झाला. गडचिरोली जिल्हा तर त्यानंतर, 1982 मध्ये निघाला. म्हणजे हा धर्मप्रांत त्या जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा आहे.

आमचं गाव मूल तालुक्यातलं. मी शाळकरी असताना गावच्या दवाखान्यात अशाच एक नर्सबाई होत्या. नवरा पेपर मिलमध्ये, शनिवारी यायचा. लेकरं तीन, आमच्याच शाळेत. बल्लारपूरला जायचं तर छोट्या रेल्वेनं आधी चांदा, तिथून पुढं दुसऱ्या गाडीनं. दर रविवारी ते कसं जमणार? म्हणून चर्चमध्ये जे व्हायचं ते बाईंनी घरात सुरू ठेवलं.

नाताळाआधीच्या या चार आठवड्यांना मराठी ख्रिस्ती आगमनकाळ म्हणतात. केरळी मंडळी मंगलवार्ता काळ म्हणतात, म्हणजे शुभ बातमीचे दिवस. त्यांचा पंचवीस दिवसांचा उपास 1 डिसेंबरला लागतो आणि नाताळाला सुटतो. माझ्या आईनं एकदा बाईंना विचारलं, “काहून वो बाई, मच्छी घेत नाही आताशा?” बाईंनी समजावून सांगितलं. आई म्हणाली, “अवो, मंग हा तुमचा श्रावनच म्हना ना!” त्यानंतर आमच्या घरून त्यांच्याकडं मच्छीऐवजी वालाच्या शेंगा जाऊ लागल्या. धर्म कळायला आईला एवढं पुरलं.

चार रविवारच्या चार गोष्टी असतात. पहिल्या रविवारी म्हाताऱ्या जखऱ्याला मुलगा होणार ही बातमी, दुसऱ्या रविवारी मरीयेला आलेली बातमी, तिसऱ्या रविवारी योहानाचा जन्म, चौथ्या रविवारी योसेफाचं स्वप्न. बाई आपल्या लेकरांना मल्याळीत सांगायच्या आणि दारात बसलेल्या आम्हा पोरांना मोडक्या मराठीत. जखऱ्यानं देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेली. मुलगा झाल्यावर त्यानं पाटीवर नाव लिहून दाखवलं, तेव्हा वाचा परत आली. आमच्याही हातात पाट्याच होत्या, त्यामुळं ही गोष्ट आम्हाला लवकर पटली.

तारा करायला मात्र आम्ही लागायचो. बांबूच्या कामट्या काढायच्या, पाच कोन बांधायचे, वर पतंगाचा कागद. दिवाळीच्या आकाशकंदिलानं हात बसलेला होताच. उंच बांबूवर तो तारा चढला की गावातली म्हातारी माणसं म्हणायची, “नर्सबाईची दिवाळी लागली.”

सगळ्यात गोडी होती ती तणसाची. येशू गोठ्यात जन्मला म्हणून घराघरात छोटा गोठा मांडतात. मल्याळीत त्याला पुल्कूड म्हणतात, म्हणजे गवताचं खोपटं. गोठा मांडायची ही रीत इटलीतल्या ग्रेचो गावी 1223 साली संत फ्रान्सिसानं लोकांपुढं आणली. त्यानं खरा बैल, खरं गाढव आणि चाऱ्यानं भरलेली गव्हाण ठेवली होती. बाईंच्या घरी गव्हाण पहिल्या दिवशी रिकामी असायची. लेकरानं दिवसभरात एक चांगलं काम केलं की रात्री एक काडी टाकायची. नाताळापर्यंत बाळाचं अंथरूण मऊ झालं पाहिजे. काड्या आमच्या खळ्यावरच्या. मग आम्हीही हट्ट धरला. “आज म्या म्हातारीले पानी भरून देलं, एक काडी माही!” बाई कोणालाच नाही म्हणायच्या नाहीत. काडी टाकताना कोणी कामाचा आकडा फुगवला तर नुसतं बघायच्या, आणि तो आपणच काडी परत उचलायचा.

जगात दुसरीकडंही ही वाट बघणं लेकरांसाठीच मांडलेलं दिसतं. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विखर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांचा आश्रम चालवायचे. ते प्रोटेस्टंट पंथाचे. त्यांनी 1839 मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवत गेले. नाताळ किती दिवसांवर आला ते मुलांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्यामागचा हेतू. आता कॅथलिक चर्चमध्येही चार मेणबत्त्यांचं चक्र असतं. कुणाकडं मेणबत्ती, कुणाकडं काडी. लेकराला थांबायला शिकवायचं तर त्याच्या हातात रोज काहीतरी द्यावं लागतं, ही गोष्ट दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना कळली होती.

आज तारा बाजारात तयार मिळतो, विजेवर लुकलुकतो. त्याचं मला काही वाटत नाही, सोय झाली. पण आता धान हार्वेस्टरनं निघतो, आणि तणसाचा चुरा होऊन बांधीतच पडतो. लांब सरळ काडी मिळत नाही. बाईंचा मोठा मुलगा बल्लारपुरात स्थायिक झाला, त्याला नातवंडं आहेत. नोव्हेंबर लागला की त्याचा फोन येतो, “भाऊ, तणस ठेवलं ना?” मी बोडीखालची एक बांधी अजून विळ्यानं कापतो. मजुरी परवडत नाही, म्हणून मी आणि घरची दोघंच कापतो. त्यातली एक पेंडी बल्लारपूरला जाते, बाकीची गाईला.