बांधावर अडवलेली माणसं

1927 साल म्हटलं की आपल्याला 20 मार्च आणि महाडचं चवदार तळं आठवतं. त्यानंतर महिन्याभराने, 21 एप्रिलला, अमेरिकेत मिसिसिपी नदीचा बांध माउंड्स लँडिंगला फुटला आणि वॉशिंग्टन काउंटी बुडाली. कापसाचा मुलूख. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची, राबणारे काळे वाटेकरी.

पूर येण्याआधी धान्य उंचावर ठेवा, कागदपत्रं जपा, बाहेर पडायची वाट ठरवा, असं आज घरोघरी सांगतात. (ओढ्याकाठी वस्ती कुणाची असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) पण वाटेकऱ्याने जपायचं काय? खोपट मालकाचं, आणि स्वतःच्या नावावर मळ्याच्या दुकानातली उधारी.

आणि वाट? ग्रीनव्हिलच्या बांधावर सुमारे 13,000 काळे लोक अडकले होते. त्यांना न्यायला बोटी आल्या. मदत समितीचा प्रमुख विल पर्सी त्यांना हलवायला तयार होता. मळेवाले आडवे आले, त्यात त्याचा बाप, माजी सिनेटर लिरॉय पर्सीही. गेलेले मजूर परतलेच नाहीत तर कापूस वेचणार कोण? बोटी काळ्यांना बांधावरच ठेवून निघून गेल्या. मग नॅशनल गार्डचा बंदुकधारी पहारा, छातीवर बिल्ले, आणि रेडक्रॉसचं धान्य फुकटात उतरवायचं काम. आपल्याकडे याला वेठबिगारी म्हणतात.

बोभाटा झाल्यावर हर्बर्ट हूवर यांनी रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली काळ्यांची समिती नेमली. तिने पाहिलेलं बरंचसं दाबलं गेलं. मदतकार्याच्या कीर्तीवर हूवर 1928 ला राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

पाणी ओसरल्यावर हजारो काळे मजूर उत्तरेकडे निघून गेले, ते कायमचेच.